समईच्या उजेडात अजिंठ्याची तयारी

आईच्या कपाटात एक चौकोनी कृष्णधवल फोटो आहे. १९७१ सालचा. भुसावळहून त्यांच्या कॉलेजची सहल अजिंठ्याला गेली होती, तेव्हाचा. एका लेण्याच्या दाराशी चार मुली उभ्या आहेत, चौघींचे चेहरे अंधुक, मागचं नक्षीकाम मात्र खणखणीत. कुणाच्या तरी भावाचा आग्फा क्लिक थ्री मागून आणला होता. रोलमध्ये बारा फोटो, त्यातले पाच आले, पाचांतला हा एक आईच्या वाट्याला. त्यामुळे वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मी पहिला कॅमेरा घेतला, तेव्हा पहिला प्रवास कुठला हा प्रश्नच नव्हता. प्रश्न एवढाच होता की अजिंठ्याच्या लेण्यांत अंधार असतो, तिथे फ्लॅश चालत नाही, ट्रायपॉड चालत नाही, आणि मला अपर्चर म्हणजे काय हेसुद्धा माहीत नव्हतं.

धनत्रयोदशीला, २९ ऑक्टोबर २०२४ ला कॅमेरा घरी आला. एंट्री लेव्हलचा मिररलेस (आत आरसा नसलेला), २४ मेगापिक्सेल, सोबत १८-४५ ची, म्हणजे १८ ते ४५ मिलिमीटर झूमची, कॅमेऱ्याबरोबरच मिळणारी किट लेन्स. कंपनी कुठली ते विचारू नका, त्यावरून आमच्या घरात आधीच दोन पक्ष पडलेत. किंमत ६६,५००, जीएसटी धरून. दुसऱ्या एका दुकानात हाच तुकडा नऊ हजारांनी स्वस्त मिळत होता, पण ‘इम्पोर्टेड पीस आहे मॅडम, बिल नाही.’ बिल नाही म्हणजे भारतातली वॉरंटी नाही. मी सहकारी बँकेत कारकून आहे. बिनकागदाच्या वस्तूला हात लावायची सवयच नाही.

हप्त्यांचं सांगते, कारण हे कुणी नीट सांगत नाही. ‘नो कॉस्ट ईएमआय’मध्ये दुकान व्याजाइतकी सूट आधी देतं आणि मग कार्डवाली बँक व्याज लावते. हिशेब शून्यावर यायला हवा, पण त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी बसतो आणि वर प्रोसेसिंग फी असते. सहा हप्त्यांत मला साधारण साडेसातशे रुपये जास्त पडले. फार नाहीत, पण ‘नो कॉस्ट’ हे नाव खोटं आहे एवढं माहीत असावं.

दिवाळीच्या गडबडीत वॉरंटीची नोंदणी राहिली. ११ नोव्हेंबरला ऑनलाइन फॉर्म भरला, दोन दिवसांनी नामंजूर होऊन परत आला. बिलावरच्या सीरियल नंबरात एका ठिकाणी ८ च्या जागी ३ पडला होता. दुकानात गेले तर ‘होऊन जाईल मॅडम.’ पुन्हा गेले तर बिलं करणारा मुलगा गावी गेलेला. तिसऱ्या खेपेला मी काउंटरसमोरच्या स्टुलावर बसूनच राहिले, तेव्हा दुरुस्त बिल हातात पडलं. तारीख २० नोव्हेंबर. ऐंशी रुपयांचं पेट्रोल आणि एक अर्धी रजा त्यात गेली. तेव्हा काउंटर सोडण्याआधी तीन नंबर बोट ठेवून जुळवा: खोक्यावरचा, कॅमेऱ्याच्या तळावरचा आणि बिलावरचा. दुकानदार घाई करतोच. करू द्या.

बाकी सामानाचा खर्च असा. व्ही-३० दर्जाचं (हा कार्डाच्या वेगाचा दर्जा) ६४ जीबीचं कार्ड ९५०, कंपनीची जादा बॅटरी ४,६००, बॅग १,४५०, धूळ उडवायचा रबरी ब्लोअर आणि कापड ३२०. नाशकातल्या पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते म्हणून झाकण घट्ट बसणारा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटा आर्द्रतामापक, सगळं मिळून ७०० च्या आत. कोरडी पेटी म्हणून जी विजेवर चालणारी कपाटं विकतात ती एका कॅमेऱ्यासाठी मला उधळपट्टी वाटली. ‘फुकट’ ट्रायपॉड देणारं कॉम्बो घेतलं नाही. आपल्याकडे पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तूंमध्ये ट्रायपॉड लावायचा तर खात्याच्या मंडळ कार्यालयाची आधी लेखी परवानगी लागते. साध्या हातातल्या कॅमेऱ्याला सहसा अडचण नसते. व्हिडिओ कॅमेऱ्याला वेगळं तिकीट आहे, २५ रुपयांचं.

पहिला महिनाभर मी तुळस, मांजर आणि शेजारच्यांचा नातू यांचे शेकडो फोटो काढले. सगळे ऑटोवर. नवरा एकदा चष्मा वर करून म्हणाला, ‘मोबाइलवर बरे येतात गं याच्यापेक्षा.’ खरंच होतं ते. डिसेंबरच्या सुरुवातीला पंधराशे भरून एका रविवारच्या कार्यशाळेला गेले. वीस जणांत अठरा पक्षीवाले, तोफेएवढ्या लेन्सा घेऊन आलेले. शिकवणारे गृहस्थ नांदूरमध्यमेश्वरच्या फ्लेमिंगोंवरून हलायला तयार नाहीत. चहाच्या वेळी मी त्यांना गाठून विचारलं, ‘सर, अंधाऱ्या लेण्यात बिनट्रायपॉडचा फोटो कसा काढायचा?’ ते म्हणाले, ‘घरी सगळ्यात अंधारी जागा कुठली आहे? तिथे बसा रोज पंधरा मिनिटं.’ पंधराशे रुपये त्या एका वाक्यात वसूल झाले.

आमच्याकडे सगळ्यात अंधारी जागा म्हणजे देवघर. जिन्याखालचं, खिडकी नसलेलं. रात्री सगळे दिवे मालवून फक्त समई लावायची आणि पाटावर बसून अन्नपूर्णेच्या मूर्तीचे फोटो काढायचे, हा माझा डिसेंबर. बँकेची खोड म्हणून वहीत खातं मांडलं: शटर किती (ते किती वेळ उघडं राहतं), आयएसओ किती (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील), दहातले किती फोटो न हललेले. ती वही अजून आहे. १८ वर लेन्स, एफ/४.५ (हेच ते अपर्चर, लेन्सचं तोंड; आकडा लहान तेवढं तोंड मोठं), आयएसओ ३२०० असं ठेवून पहिल्या रात्री १/८ सेकंदाला दहातले दोन नीट आले, १/१५ ला पाच, १/३० ला नऊ. तीन आठवड्यांनी १/८ ला सहा आणि १/१५ ला नऊ येऊ लागले. कॅमेरा तोच, समई तीच. बदललं ते एवढंच की कोपरं बरगड्यांना चिकटवायला लागले, श्वास अर्धा सोडून थांबायला लागले, बटण दाबायच्याऐवजी त्यावर बोट नुसतं जड करायला लागले. आणि एका वेळी तीन फोटो सलग घ्यायचे. पहिला बोटाच्या धक्क्यानं हलतो, तिसरा बोट उचलताना, मधला बहुधा स्थिर निघतो. मांडी घालून किंवा उकिडवं बसून कोपरं गुडघ्यांवर टेकवली तर आपणच आपला ट्रायपॉड होतो. हे शेवटचं सगळ्यात उपयोगी पडलं.

त्याच रात्रींत किट लेन्सचं एक गुपित कळलं. १८ वर तिचं तोंड एफ/४.५ पर्यंत उघडतं, पण झूम करत ४५ ला नेली की एफ/६.३ च्या पुढे उघडत नाही. म्हणजे झूम केलं की आत येणारा प्रकाश निम्मा होतो. अंधारात झूम करणं म्हणजे अर्धी समई विझवणं. मग मला एफ/१.८ च्या लेन्सचा मोह झाला. हिशेबानं सहापट उजेड. विकत घेण्याआधी भाड्यानं आणून बघायचं ठरवलं. ५० मिलिमीटरची लेन्स, दिवसाला ३००, पाच हजार अनामत, आधारची प्रत आणि सही केलेला कोरा चेक. कोरा चेक द्यायला मी साफ नकार दिला. शेवटी चेकवर अनामतीची रक्कम आणि दुकानाचं नाव लिहून दिला. तुम्हीही तसंच करा.

५ जानेवारीचा रविवार. रंगीत तालीम पांडवलेण्यांवर. नाशिककरांना पांडवलेणी म्हणजे पायऱ्या चढून दम लागणं आणि वर जाऊन भेळ खाणं. मीही तेवढीच ओळखत होते. पण अजिंठ्याची तयारी करायला याहून चांगली जागा नाही: चोवीस लेणी, २५ रुपये तिकीट, आणि आत तोच काळोख. सातवाहन राणी गौतमी बलश्रीचा शिलालेख असलेल्या तिसऱ्या लेण्यात मी ५० ची लेन्स लावली आणि भिंतीला पाठ टेकेपर्यंत मागे सरकले तरी चौकटीत एक खांब मावेना. माझ्या कॅमेऱ्याच्या छोट्या सेन्सरवर (फोटो टिपणाऱ्या चिपवर) ती लेन्स ८० सारखी वागते, म्हणजे चौकट आणखी अरुंद होते, हे पुस्तकात वाचलं होतं, पाठीला दगड लागला तेव्हा पटलं. लेन्स संध्याकाळी परत केली. पंधरा-सोळा हजार वाचले.

दुसरी चूक जास्त लाजिरवाणी. आत सगळं हातानं ठरवून फोटो काढले आणि तेच आकडे ठेवून बाहेर उन्हात आले. बाहेरचे चाळीस फोटो पांढरे फटक. आकाश जळलं, शहर जळलं, बरोबरची मैत्रीण जळली. लेण्यांत आपण दर पाच मिनिटांनी अंधारातून उन्हात येतो नि परत आत जातो, आणि प्रत्येक वेळी आकडे बदलायचं भान राहत नाही. त्या दिवसानंतर मी ‘एम’चा, म्हणजे मॅन्युअल मोडचा, नाद सोडला. अपर्चर आपण ठरवायचं असा मोड (डायलवर कुठे ‘ए’, कुठे ‘एव्ही’ लिहिलेलं असतं), आयएसओ ऑटो, त्याची कमाल मर्यादा ६४०० आणि शटरची किमान मर्यादा १/३०. एवढं बसवलं की बाकीचं कॅमेरा बघतो. मॅन्युअलवर काढला नाही तर तो फोटोच नव्हे असं मानणारे लोक आहेत. त्यांना लेण्यांत आई सांभाळायची नसते.

तिसरी चूक १९ जानेवारीच्या हळदीकुंकवाला. शटरचा आवाज नको म्हणून सायलेंट मोड लावला, १/२०० ला वीसेक फोटो काढले. रात्री बघते तर बायकांच्या पैठण्यांवर आडवे काळे पट्टे. माझ्याच जाऊबाईंचा चेहरा तीन तुकड्यांत. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेचसे दिवे सेकंदाला शंभर वेळा मिचमिचतात. सायलेंट मोडमध्ये सेन्सर वरून खाली ओळीओळीनं वाचला जातो, तेव्हा काही ओळी मिचमिचीत सापडतात. दिव्याखाली शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं की पट्टे जातात. जाऊबाईंना मी तो फोटो दाखवलेला नाही.

तिकिटांचं प्रकरण मध्येच होऊन गेलं. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मी ८ ते १० फेब्रुवारीची, शनिवार-रविवार-सोमवारची तिकिटं काढली. शनिवारी वेरूळ, रविवारी आराम, सोमवारी कमी गर्दीत अजिंठा असा बेत. आईनं फोनवर ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, ‘सोमवारी उघडं असतं का गं?’ नसतं. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. दोघींची आरक्षित सेकंड सिटिंगची तिकिटं रद्द केली, माणशी ६० रुपये कापले गेले. मग मंगळवार, ११ फेब्रुवारी धरला. मंगळवार प्रवासात, बुधवारी वेरूळ, गुरुवारी अजिंठा, शुक्रवारी घरी. चार दिवसांची रजा मागितली. साहेब म्हणाले, ‘फोटो काढायला चार दिवस?’ मी म्हटलं, ‘आईला घेऊन चालले आहे.’ लगेच सही झाली.

आई बहात्तर वर्षांची, गुडघ्यांची तक्रार आहे पण चालते. निघायच्या आदल्या रविवारी आम्ही दोघी भरलेली बॅग घेऊन गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, तासभर फिरून आलो. ही तालीम कुणी सांगितली नव्हती, पण बरी केली. तिच्यामुळे बॅगेतून कॅमेऱ्याचं मॅन्युअल, दुसरी पाण्याची बाटली आणि लेन्स पुसायच्या द्रवाची कुपी बाहेर निघाली. आत राहिलं ते कॅमेरा, दोन बॅटऱ्या, दोन कार्डं (दुसरं नंतर घेतलं, ३२ जीबीचं), ब्लोअर, कापड, एक प्लास्टिकची पिशवी आणि आईच्या गोळ्या.

तपोवन एक्सप्रेस नाशिक रोडला साडेनऊच्या सुमाराला येते. खिडकीतून काढलेल्या पहिल्या दहा फोटोंत आमचाच डबा काचेत उमटला. मग आईनं तिची शाल लेन्सभोवती धरली, लेन्स काचेजवळ नेली, प्रतिबिंब गेलं. मनमाडच्या पुढची ज्वारीची रानं बरी आली. छत्रपती संभाजीनगरला पोचायला एक वाजून गेला. संध्याकाळी फक्त बॅटऱ्या चार्ज केल्या आणि झोपलो.

बुधवारी वेरूळ. दिवसभरासाठी रिक्षा ठरवली, बाराशे. मी सकाळी सातपासून तगमगत होते, पण कैलास लेणं पश्चिमाभिमुख आहे. सकाळी त्याच्या पाठीशी सूर्य असतो, समोर सावली आणि वर पांढरं आकाश. म्हणून आधी जैन लेणी, तीस ते चौतीस, निवांत बघितली, मग दहाव्या लेण्यात, विश्वकर्म्यात गेलो, आणि जेवून तीन वाजता कैलासात शिरलो. तेव्हा ऊन समोरून आत येत होतं. इथे बेसाल्टनं मला फसवलं. काळसर दगड बघून कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे, तो फोटो उगाच उजळवतो आणि दगड राखाडी दिसतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो किती उजळ हवा ते कॅमेऱ्याला सांगायची सोय) उणे ०.७ केलं तेव्हा दगड दगडासारखा काळा दिसला. अंगणात उभं राहून अख्खं देऊळ १८ वर मावत नाही. त्याचं दुःख करू नका. बाजूनं डोंगरावर चढणारी पायवाट आहे, वरून खाली बघितलं की वरपासून खाली खोदत कसे गेले असतील ते एका नजरेत कळतं. आई खाली सावलीत बसून राहिली. मी वरून तिचा फोटो काढला, दगडी हत्तीच्या शेजारी मुंगीएवढी दिसते. देवळाचा आकार दाखवायला माणूस लागतोच.

त्या रात्री आम्ही फर्दापूरला मुक्कामाला गेलो. संभाजीनगरहून अजिंठा शंभर किलोमीटरवर आहे, सकाळी तिथून निघालं तर पोचेपर्यंत सहलींच्या बसगाड्याही पोचलेल्या असतात. फर्दापूर लेण्यांच्या पायथ्याशी. खोलीत बसून दोन्ही कार्डांतले फोटो लॅपटॉपवर उतरवले आणि तिथून हार्ड डिस्कवर. आई म्हणाली, ‘दोन-दोनदा कशाला?’ तिला मी रॉबर्ट गिलची गोष्ट सांगितली. मद्रासच्या फौजेतला हा अधिकारी १८४४ पासून अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करत राहिला, वर्षानुवर्षं. मोठाले कॅनव्हास लंडनला गेले, तिथल्या क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगले आणि १८६६ च्या आगीत त्यांतले बहुतेक जळाले. पुढे मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १८७२ पासून पुन्हा नकला केल्या. त्यांतल्याही कितीतरी १८८५ साली लंडनमध्येच दुसऱ्या आगीत गेल्या. गिलनं पुढे कॅमेराही हाती घेतला होता, या लेण्यांचे त्यानं काढलेले फोटो आजही बघायला मिळतात. तो पुरला आहे तो भुसावळला. आईचं माहेर भुसावळचं. ‘आणि आम्हाला शाळेत कुणी सांगितलं नाही,’ असं म्हणून ती भिंतीकडे तोंड करून झोपली.

गुरुवार, १३ फेब्रुवारी. खासगी गाड्या तिठ्यावरच थांबतात, तिथून लेण्यांपर्यंतचे चार किलोमीटर एसटीच्या बसनं जायचं. पावणेनऊला पहिल्या रांगेत होतो. तिकीट ४० रुपये, मोबाइलवरून काढलं तर ३५. दाराशी डोलीवाले असतात. भाव आधी ठरवून घ्या, आणि कुठपर्यंत व किती वेळ हेही. आम्ही आईसाठी डोली केली, पण ती पहिल्या चढापुरतीच बसली, मग म्हणाली चालते. मी डोलीवाल्या काकांना विचारलं, तुमचा फोटो काढू का? ते म्हणाले, ‘माझा नको, माझे रोजच निघतात. आजींचा काढा.’

पहिल्या लेण्यात चपला काढून आत जायचं. पायमोजे न्या, फरशी थंडगार असते. आत गेल्या गेल्या काहीच दिसत नाही. मी देवघराच्या सवयीनं कॅमेरा लगेच उचलला नाही, भिंतीपासून लांब, मध्यावर उभी राहून डोळे सरावायला दोन मिनिटं दिली. मग गाभाऱ्याच्या डावीकडे भिंतीवरच्या चित्रातला बोधिसत्त्व पद्मपाणी हळूहळू वर आला. खाली झुकलेले डोळे, हातात निळं कमळ. मंद दिव्यांच्या उजेडात आयएसओ ६४००, शटर १/१५. किमान मर्यादा १/३० वरून मी मुद्दाम खाली आणली होती, हलणारं कुणी चौकटीत नव्हतं म्हणून. टेकायला काही नाही. खांबांवर, भिंतींवर चित्रं आहेत, त्यांना अंगही लागता कामा नये. मी खाली बसले, कोपरं गुडघ्यांवर. रखवालदारानं एकदा बघितलं, हातात फ्लॅश नाही हे पाहून मान हलवली. सलग तीन, मधला स्थिर. समई आठवली.

शेजारी एका कॉलेजच्या मुलानं मोबाइल उंच धरून नाइट मोडवर तोच फोटो काढला. त्याचा माझ्यापेक्षा उजळ आला. खोटं कशाला सांगू. मोबाइल आतल्या आत अनेक फोटो एकावर एक जोडतो, मी एकच काढते. घरी मोठ्या पडद्यावर बघितलं तेव्हा माझ्या फोटोत गालावरची छटा आणि भिंतीचे पोपडे दिसतात, पण त्यासाठी फोटो रॉ प्रकारात (कॅमेऱ्यानं संस्कार न केलेले, कच्चे) काढून ठेवावे लागतात, दिव्यांचा पिवळेपणा नंतर काढावा लागतो, हे सगळं आलं. एवढी खटपट नको असेल तर मोबाइल न्या, कमीपणा काही नाही.

सतराव्या लेण्यात गर्दी झाली. थोड्या थोड्या लोकांना आत सोडतात, बाहेर पंचवीस मिनिटं थांबलो. दहाव्यात खांबावर जॉन स्मिथची, म्हणजे ही लेणी पुन्हा उजेडात आणणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्याची, सही शोधली, २८ एप्रिल १८१९. त्या वेळी लेण्यात दगडमाती साठलेली होती म्हणून ती आता डोक्यापेक्षा उंचावर दिसते. फोटो हलला, दुसरा काढायला रांगेनं वेळ दिला नाही. सव्विसाव्यात शिरल्यावर डाव्या भिंतीला बुद्धाच्या महापरिनिर्वाणाचं शिल्प, सात मीटर लांब. लेन्स १८ च्या खाली जात नाही, मागे सरकायला जागा नाही, शेवटी मी पायांपासून चेहऱ्यापर्यंत तीन तुकड्यांत काढलं. जोडायला अजून जमलेलं नाही.

आईला १९७१ चा फोटो कुठे काढला ते शोधायचं होतं. एकोणिसाव्या लेण्याच्या दर्शनी भागापाशी ती थांबली, नालाच्या आकाराच्या खिडकीकडे बघून म्हणाली, ‘हेच.’ बरोबर आणलेला जुना फोटो धरून पाहिला, तेच. मी तिला उभं केलं, पदर नीट केला, पावलं मोजून जागा ठरवली, एफ/८, आयएसओ २००, सगळं मनासारखं. सहा फोटो काढले. तिला पडद्यावर दाखवले, तिनं चष्मा नसताना ‘छान’ म्हटलं.

जळगावहून रात्रीच्या गाडीनं शुक्रवारी पहाटे नाशिक रोडला उतरलो. एकूण ६३८ फोटो, ठेवले १४०, पंधरा रुपयांप्रमाणे बारा छापून घेतले. आईनंच बाराचा आकडा सांगितला, एका रोलचा. दुकानातून पाकीट आणून तिच्यापुढे ठेवलं. तिनं चष्मा लावला, एकोणिसाव्या लेण्यासमोरचा फोटो जुन्या फोटोशेजारी ठेवला आणि बराच वेळ बघत राहिली. कॅमेऱ्यानं मागच्या यक्षावर फोकस धरला होता. यक्ष खणखणीत, आई अंधुक.

चेहरा आणि डोळे ओळखण्याची सोय मेनूत फोकसच्या पानावर असते. माझी बंद होती. देवघरात अन्नपूर्णेसाठी बंद केली होती, परत लावायची राहिली. तुम्ही निघायच्या आधी बघून घ्या.

आईनं दोन्ही फोटो एकाच पाकिटात घातले आणि कपाटात ठेवले.

‘पुढच्या वेळी,’ ती म्हणाली, ‘सोमवार सोडून जाऊ.’